मूडबिद्रीच्या ताडपत्रांतला अनंत

कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, यात्रेकरू दोन गोष्टींचे दर्शन घ्यायला जात. एक, रत्नांच्या जिनमूर्ती. दुसरी, ताडपत्रांवरच्या जुन्या पोथ्या. मूर्तींसारख्याच पोथ्याही बाहेर काढल्या जात, भाविक हात जोडत, आणि पोथ्या पुन्हा आत जात. त्या कुणी वाचत नसे. बाराव्या शतकाच्या आसपास जुन्या कन्नड लिपीत उतरवलेला तो मजकूर. भाषा प्राकृत, मधूनमधून संस्कृत. गृहस्थाने हे सिद्धांतग्रंथ अभ्यासू नयेत असा समजही पक्का रुजलेला. दिगंबर जैन परंपरा ज्यांना आपले सर्वांत जुने आगम मानते ते ग्रंथ आणि त्यांच्यावरच्या टीका फक्त इथे उरल्या होत्या, आणि इथेही त्या पूजेपुरत्याच उरल्या होत्या.

लहान मूल आकडे शिकताना जो प्रश्न विचारते, त्याचा अतिशय कसून केलेला विचार त्या पानांत होता. मोजत गेलो तर संख्या कुठे संपतात का? संपत नसतील, तर न संपणाऱ्या गोष्टी सगळ्या सारख्याच मोठ्या असतात का? आपल्याकडच्या प्राचीन गणिताबद्दल आपण शून्य आणि दशमान पद्धती यांवर भरभरून बोलतो. या पोथ्यांतल्या अनंताबद्दल मात्र फारसे बोलत नाही. मला ती मोठी उणीव वाटते, म्हणून ही हकिकत जरा विस्ताराने सांगतो.

१८८० च्या दशकात मुंबईचे जव्हेरी माणिकचंद हिराचंद मूडबिद्रीला यात्रेला गेले. पोथ्यांची अवस्था पाहून ते अस्वस्थ झाले. पाने जीर्ण होत होती आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. परतल्यावर त्यांनी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींपाशी हा विषय काढला. हिराचंदही मूडबिद्रीला जाऊन आले, आणि नकला करून घ्यायच्याच असे ठरले. तिथल्या पंचांचा आणि भट्टारकांचा, म्हणजे मठाधिपतींचा, होकार, पैसा, जुनी कन्नड लिपी वाचणारे आणि प्राकृत जाणणारे हात, हे सगळे जमवण्यात वर्षे गेली. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी १८९० च्या दशकात लेखन सुरू केले. ब्रह्मसूरी काम अर्धवट असतानाच वारले. सगळे पुरे व्हायला सुमारे पाव शतक लागले, आणि तयार झालेल्या नकलाही मूडबिद्रीतच राहतील अशी व्यवस्था होती.

गजपतींनी एक गोष्ट गुपचूप केली. पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने त्यांनी आणखी एक कन्नड प्रत उतरवली आणि ती घेऊन ते बाहेर पडले. हिराचंद आणि माणिकचंद यांनी ती घ्यायला नकार दिला. मूडबिद्रीच्या मंडळींना दिलेला शब्द त्यांना मोडायचा नव्हता. शेवटी सहारनपूरचे लाला जंबुप्रसाद यांनी ती विकत घेतली. तिथे एक पंडित कन्नड प्रत वाचत आणि दुसरे, सीताराम शास्त्री, ती नागरीत उतरवत. सीतारामांनी आपल्यापाशी राहिलेल्या कागदांवरून पुढे आणखी नकला केल्या. त्या आरा, सागर अशा गावी गेल्या आणि वऱ्हाडात कारंजाला व अमरावतीला पोहोचल्या. हिराचंदांचा नकार मला आदरणीय वाटतो. पण लक्ष्मीबाई आणि गजपतींनी ती प्रत उतरवली नसती तर पुढचे काहीच त्या काळात घडले नसते, हेही तितकेच खरे.

या पोथ्यांमधली मुख्य म्हणजे ‘धवला’. तिचे मूळ ‘षट्खंडागम’ या ग्रंथात आहे. परंपरा सांगते की गिरनारच्या चंद्रगुहेत राहणाऱ्या वृद्ध आचार्य धरसेनांना आपल्याबरोबर ज्ञान लोपेल अशी काळजी लागली; त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून ते शिकवले, आणि त्या दोघांनी ते सूत्रबद्ध केले. ग्रंथ पुरा झाला तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा. दिगंबर जैन आजही तो श्रुतपंचमी म्हणून पाळतात. त्या सूत्रांवर काही शतकांनी वीरसेन या आचार्यांनी ७२,००० श्लोकांएवढी टीका लिहिली. तीच धवला. तिच्या शेवटच्या प्रशस्तीवरून संपादकांनी काढलेला काळ इसवी सन ८१६ येतो. काही अभ्यासक तो थोडा आधीचा मानतात. राष्ट्रकूटांची सत्ता तेव्हा ऐन भरात होती. वीरसेनांचे शिष्य जिनसेन यांनी गुरूंची अपुरी राहिलेली दुसरी टीका, ‘जयधवला’, ८३७ मध्ये पुरी केली, आणि सम्राट अमोघवर्ष या जिनसेनांना गुरू मानत असे. त्याच अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. मोठमोठ्या आकड्यांशी खेळणाऱ्या माणसांचा तो काळ होता.

धवलेतला अनंत मात्र खेळातून आलेला नाही. तो एका धार्मिक अडचणीतून आला आहे आणि म्हणूनच त्याला धार आहे.

अडचण अशी. जैन मताप्रमाणे जीव नव्याने निर्माण होत नाहीत. मुक्त झालेला जीव संसारात परत येत नाही. आणि मुक्ती तर सतत चालूच आहे: सहा महिने आणि आठ समय एवढ्या अवधीत ६०८ जीव मोक्षाला जातात असा परंपरेचा हिशेब आहे. समय म्हणजे काळाचा ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत असा अंश. आता काळाला आरंभ नाही असेही हीच परंपरा मानते. म्हणजे आरंभ नसलेल्या काळापासून जीव बाहेर पडत आहेत आणि आत एकही येत नाही. मग आजवर संसार रिकामा का झाला नाही? आणि आज झाला नसेल तर उद्या होणार नाही कशावरून?

‘जीव पुष्कळ आहेत’ एवढे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. कितीही पुष्कळ असले तरी एकेक काढत गेल्यावर संपायला हवेत. ज्यातून काढत राहिले तरी जे संपत नाही असे काहीतरी मानावे लागते, आणि मानायचे तर ‘मोठी संख्या’ आणि ‘न संपणारी संख्या’ यांतली रेषा काटेकोरपणे आखावी लागते. जैन आचार्यांनी ती आखण्यासाठी आधी मोठेपणाचीच शिडी उभी केली. संख्यांचे तीन वर्ग केले: संख्यात, असंख्यात आणि अनंत. असंख्याताचे परीत, युक्त आणि असंख्यातासंख्यात असे तीन. अनंताचेही परीतानंत, युक्तानंत आणि अनंतानंत असे तीन. प्रत्येकाचे पुन्हा जघन्य (सर्वांत लहान), मध्यम आणि उत्कृष्ट (सर्वांत मोठा). सगळे मिळून २१ प्रकार.

वर्गीकरण कागदावर सोपे आहे. पण संख्यात कुठे संपते आणि असंख्यात कुठे सुरू होते? इथे ‘तिलोयपण्णत्ती’ आणि ‘त्रिलोकसार’ यांसारख्या ग्रंथांत जे उत्तर दिले आहे त्याच्या धाडसाला जगाच्या गणितात फार थोड्या जोड्या सापडतील. ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

जैन भूगोलात मध्यभागी जंबूद्वीप आहे, व्यास एक लाख योजने. त्याच्याभोवती कड्यासारखा लवण समुद्र, रुंदी दोन लाख योजने. त्याभोवती धातकीखंड, चार लाख. मग कालोद समुद्र, आठ लाख. द्वीप आणि समुद्र असे आळीपाळीने येत राहतात आणि प्रत्येक कडे आधीच्याच्या दुप्पट रुंद असते. आता जंबूद्वीपाएवढ्या व्यासाचा आणि हजार योजने खोल असा खड्डा कल्पायचा आणि तो मोहरीच्या दाण्यांनी शीग लावून भरायचा. दाणे किती मावतील याचे गणित ‘त्रिलोकसारा’त दिलेले आहे, ती संख्या ४६ अंकी येते. मग ते दाणे उचलायचे आणि एक दाणा द्वीपावर, पुढचा समुद्रात, त्यापुढचा द्वीपावर, असे टाकत निघायचे. शेवटचा दाणा ज्या कड्यावर पडेल, त्या कड्याच्या बाहेरच्या काठाएवढ्या व्यासाचा नवा खड्डा करायचा आणि तोही मोहरीने भरायचा.

इथे क्षणभर थांबू. कडी दुपटीने वाढतात, म्हणून या दुसऱ्या खड्ड्याचा व्यास इतका मोठा होतो की तो आकड्यांत लिहायचा तर किती अंक लागतील हे सांगणारी संख्याच ४५ अंकी होईल. आणि ही फक्त दुसरी फेरी आहे.

पहिल्या खड्ड्याचे नाव अनवस्था, कारण तो दर फेरीला बदलतो. त्याच्या शेजारी तीन स्थिर खड्डे आहेत: शलाका, प्रतिशलाका आणि महाशलाका. अनवस्था एकदा रिकामा झाला की शलाकेत एक दाणा टाकायचा, टिपणीसारखा. असे करत करत शलाका भरली की प्रतिशलाकेत एक दाणा, आणि शलाका पुन्हा पहिल्यापासून. प्रतिशलाका भरली की महाशलाकेत एक. महाशलाकाही भरली की शेवटच्या अनवस्था खड्ड्यात जितके दाणे असतील ती संख्या म्हणजे जघन्य परीत-असंख्यात. तिच्यातून एक वजा केला की जी उरते ती उत्कृष्ट संख्यात, म्हणजे ‘संख्यात’ या वर्गाचा शेवट.

जवळपास असेच काम ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूजला आर्किमिडीजने वाळूचे कण घेऊन केले होते. राजा गेलोनला त्याने दाखवून दिले की सारे विश्व वाळूने भरले तरी कणांची संख्या आजच्या भाषेत १ वर ६३ शून्ये यापलीकडे जात नाही. त्याला सिद्ध करायचे होते की वाळू अगणित नाही. आपल्याकडेही मोठ्या संख्यांची जुनी हौस होती: यजुर्वेदात एकापासून परार्धापर्यंत दहाच्या पटीतली नावे येतात, ‘ललितविस्तरा’त बोधिसत्त्व कोटीच्या पुढे शंभरा-शंभराच्या पटीत चढत जातो, आणि श्वेतांबर जैनांच्या ‘शीर्षप्रहेलिका’ या कालमापनाला १९४ अंक लागतात. पण ही सगळी नावांची माळ आहे. मोहरीच्या खड्ड्यांत नावे नाहीत, कृती आहे. कृतीचेच फळ पुढच्या कृतीला पुरवायचे आणि ते किती वेळा पुरवायचे हेही आणखी एका खड्ड्याने ठरवायचे. आजचे गणितज्ञ प्रचंड संख्या बांधताना नेमके असेच करतात.

असंख्यातापासून पुढे चढायला धवलेत दुसरे साधन आहे: वर्गित-संवर्गित. संख्या घ्यायची आणि ती तिच्याच इतक्या वेळा स्वतःशी गुणायची. म्हणजे तिचा तिच्याच घाताला वाढवलेला घात. २ घेतले तर पहिल्यांदा ४. दुसऱ्यांदा ४ चा चौथा घात, म्हणजे २५६. तिसऱ्यांदा २५६ चा २५६ वा घात, आणि ही संख्या ६१७ अंकी आहे. दोनापासून निघून तिसऱ्या पायरीला ही स्थिती. ज्या संख्येपर्यंत मोहरीच्या खड्ड्यांनी पोहोचवले तिच्यावर हीच कृती केली तर काय होईल याची कल्पना करण्याचा प्रयत्नही सोडून द्यावा लागतो. इतक्या मोठ्या घातांशी काम करायचे म्हणून वीरसेनांकडे त्यांची उलटी मोजणीही होती. एखादी संख्या किती वेळा अर्धी करता येते ते तिचे अर्धच्छेद; ३२ चे ५. तिसऱ्या भागाने केले तर त्रिकच्छेद, चौथ्याने केले तर चतुर्थच्छेद. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हे नियमही धवलेत वापरले आहेत. आज शाळेत आपण ज्याला लॉगॅरिदम म्हणतो त्याचा हा गाभा आहे, नेपियरच्या कोष्टकांच्या आठशे वर्षे आधीचा. कोष्टके मात्र वीरसेनांनी केली नाहीत; त्यांना ती लागलीही नसती.

पण शिडी कितीही उंच गेली तरी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मोहरीचे खड्डे, घात, घातांचे घात, हे सगळे मर्यादित संख्यांवर मर्यादित वेळा केलेले काम आहे, आणि त्यातून येणारी संख्या मर्यादितच राहते. या वाटेने खऱ्या अनंताला कधीच पोहोचता येत नाही. वीरसेनांचे मोठेपण मला इथे दिसते, कारण अनंत ओळखण्याची कसोटी त्यांनी शिडीवर ठेवली नाही. त्यांची कसोटी व्ययाची आहे: एकेक काढत गेल्यावर जी रास केव्हातरी संपते ती असंख्यात, आणि कितीही काळ काढत राहिले तरी जी संपत नाही ती अनंत. या कसोटीचा आग्रह ते इतका धरतात की परंपरेने अनंत म्हटलेल्या गोष्टीही तिच्यावर घासून पाहतात. अर्धपुद्गलपरिवर्तन नावाचा एक प्रदीर्घ काळ आहे, आणि शास्त्रात त्याला अनंत म्हटले आहे. पण तो सरतो. मग तो अनंत कसा? वीरसेन सांगतात की तिथे ‘अनंत’ हे उपचाराने म्हटले आहे.

एवढ्यावरही ते थांबत नाहीत. ‘अनंत’ कोणकोणत्या अर्थांनी बोलले जाते त्याचे ११ प्रकार धवलेत दिले आहेत. नुसत्या नावापुरता अनंत, एका दिशेने अनंत, दोन्ही दिशांनी अनंत, विस्ताराने अनंत, सर्व बाजूंनी अनंत, ज्याला प्रदेशच नाही असा अनंत. आणि यांतला आपल्याला इथे हवा तो कोणता? गणनानंत, मोजणीचा अनंत. उरलेले बाजूला ठेवून ते पुढे जातात. अनंताविषयी लिहिताना माणसे हमखास भारावतात. हा आचार्य भारावून न जाता आधी शब्दांचा गुंता सोडवतो.

आता संसार रिकामा का होत नाही या मूळ प्रश्नाकडे. मिथ्यादृष्टी जीवांची, म्हणजे अजून सम्यक दर्शन न झालेल्या जीवांची संख्या सूत्रांनी अनंतानंत सांगितली आहे, आणि काळाच्या अनंतानंत अवसर्पिणी-उत्सर्पिणी, म्हणजे उतरत्या-चढत्या फेऱ्या, उलटल्या तरी ती सरत नाही असेही म्हटले आहे. हे समजावताना वीरसेन एक कृती सांगतात. एका बाजूला आजवर होऊन गेलेल्या काळाचे सारे समय ठेवा. दुसऱ्या बाजूला सारे मिथ्यादृष्टी जीव. इकडून एक समय काढा, तिकडून एक जीव काढा. असे जोडीजोडीने काढत जा. समय संपतील, जीव उरतील. तेव्हा भूतकाळ अनंत आहे, आणि जीव त्याहून अधिक अनंत आहेत.

पंगतीत पाने आणि माणसे सारखी आहेत का हे पाहायला दोन्ही मोजावी लागत नाहीत. प्रत्येक पानावर एकेक माणूस बसला की कळते. पण पंगतीत हे करणे वेगळे आणि न संपणाऱ्या दोन राशींमध्ये करणे वेगळे. ज्यांची मोजणी होऊच शकत नाही त्यांची तुलना करायची, आणि तीही अशा एकास एक जोडीने, हा विचार नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या राज्यात कुणीतरी लिहून ठेवला होता. आणि मग तो मूडबिद्रीत बंद होऊन राहिला.

तो बाहेर आला अमरावतीत. हिरालाल जैन हे किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे पुढच्या विदर्भ महाविद्यालयात, संस्कृतचे प्राध्यापक होते. कारंजाच्या जैन भांडारांतली अपभ्रंश काव्ये त्यांनी आधीच उजेडात आणली होती. विदिशेच्या शेठ लक्ष्मीचंदांच्या देणगीतून साहित्योद्धारक फंड उभा राहिला आणि हिरालालांनी धवलेचे संपादन हाती घेतले. हाताशी अमरावती, कारंजा आणि आरा इथल्या प्रती होत्या, सगळ्या नकलेच्या नकला, चुकांनी भरलेल्या. सोबत फुलचंद्र आणि हिरालाल हे दोन शास्त्री, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून आ. ने. उपाध्ये यांचे साह्य. १९३९ मध्ये पहिला खंड निघाला. गृहस्थांनी हे ग्रंथ छापावेत आणि वाचावेत का, यावर समाजात वाद पेटला, आणि हिरालालांना त्याचे उत्तर देत देत काम करावे लागले. दुसरीकडे मूडबिद्रीच्या मंडळींचे मनही वळले आणि मूळ ताडपत्रांवरून पाठ ताडून पाहता येऊ लागले. सगळे १६ खंड पुरे व्हायला १९५० च्या दशकाची अखेर आली.

जीवांच्या संख्येचा विचार करणारा ‘द्रव्यप्रमाणानुगम’ हा भाग तिसऱ्या खंडात छापला गेला. तो भाषेच्या पंडितांना पुरता उलगडणारा नव्हता. लखनौ विद्यापीठातले अवधेश नारायण सिंह यांनी तो वाचला. विभूतिभूषण दत्त यांच्याबरोबर हिंदू गणिताचा इतिहास लिहिणारे ते हेच. १९४२ मध्ये निघालेल्या चौथ्या खंडाला त्यांनी धवलेतल्या गणितावर इंग्रजी निबंध जोडला. अर्धच्छेदांचे नियम, घातांचे नियम, अनंताचे वर्ग, आणि जीव-समयांची ती जोडी, सगळे त्यांनी गणितज्ञाच्या नजरेने मांडले. जोडीची कृती वाचताना त्यांच्यासमोर कोणाचे नाव होते हे त्यांना सांगावे लागले नसते. विसाव्या शतकातल्या कोणत्याही गणितज्ञासमोर ते आलेच असते.

ते नाव गेऑर्ग कँटरचे. जर्मनीत हाले इथे शिकवणाऱ्या कँटरने २९ नोव्हेंबर १८७३ रोजी आपला मित्र रिचर्ड डेडेकिंडला पत्राने विचारले: १, २, ३ अशा सगळ्या संख्या एका बाजूला आणि रेषेवरच्या सगळ्या संख्या दुसऱ्या बाजूला घेतल्या तर त्यांची एकास एक जोडी लावता येईल का? काही दिवसांतच, ७ डिसेंबरला, त्याने स्वतःच उत्तर कळवले. लावता येत नाही. रेषेवरच्या संख्या अधिक आहेत. १८७४ मध्ये हे छापले गेले, आणि १८९१ मध्ये त्याने आणखी सोपी सिद्धता देऊन दाखवले की कोणत्याही अनंताच्या वर त्याहून मोठा अनंत असतोच. अनंतांनाही शेवट नाही. समकालीनांचा विरोध, बर्लिनच्या क्रोनेकरचा उघड तिटकारा, १८८४ पासून पुन:पुन्हा येणारे मनोविकाराचे झटके, हे सगळे सोसून १९१८ च्या जानेवारीत तो हालेच्या रुग्णालयातच वारला.

मग वीरसेनांना कँटरच्या हजार वर्षे आधी हे ठाऊक होते असे म्हणायचे का? नाही, आणि का नाही हे पाहणे हा त्यांच्या विचाराचा खरा सन्मान आहे. १, २, ३, ४ ही माळ घ्या आणि २, ४, ६, ८ ही दुसरी. दुसरीतल्या प्रत्येक संख्येची जोडी पहिलीतल्या त्याच संख्येशी लावली तर पहिलीत १, ३, ५ उरतात. पण जोडी बदलली, १ ला २, २ ला ४, ३ ला ६ अशी लावली, की काहीच उरत नाही. म्हणजे अनंत राशींमध्ये एका जोडणीत काही उरले एवढ्यावरून ती रास मोठी ठरत नाही. कोणत्याही जोडणीत उरतेच असे सिद्ध करावे लागते. गॅलिलिओने १६३८ मध्ये संख्या आणि त्यांचे वर्ग यांच्यात हेच पाहिले आणि अनंताला लहान-मोठे म्हणताच येत नाही असा निष्कर्ष काढून तो थांबला. कँटर थांबला नाही. वीरसेनांना ही खाच दिसलेली नाही. शिवाय त्यांच्या शिडीवर एका अनंतातून एक वजा केला की खालच्या पायरीचा उत्कृष्ट मिळतो. कँटरच्या अनंतातून एक वजा केला तर काहीच बदलत नाही.

हा न बदलणारा अनंत आपल्याकडे दुसऱ्या वाटेने आला होता, आणि त्या वाटेवर आपल्या खानदेशचे नाव आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणिता’त शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटले आणि सांगितले की तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती तशीच राहते, सृष्टीच्या प्रलयात आणि उत्पत्तीत कितीही भूते अच्युतात शिरली किंवा त्याच्यातून निघाली तरी त्याच्यात फरक पडत नाही, तसे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. भास्कराचार्यांच्या अनंताला आकार एकच. त्यात लहान-मोठे नाही. वीरसेनांच्या अनंतात लहान-मोठे आहे, पण तो वजाबाकीला हलतो. कँटरचा अनंत वजाबाकीला हलत नाही आणि तरी त्यात लहान-मोठे आहे. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे आपल्याकडे कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण एक विचार गणिताच्या शाळांत चालला आणि दुसरा बसदीत राहिला.

तरीही एका ठिकाणी मी थक्क होतो. कँटरच्या गणितात अनंत राशीत भर घाला, तिची दुप्पट करा, तिचा वर्ग करा, ती त्याच पायरीवर राहते. पण तिला तिच्याच घाताला चढवा, आणि ती खरोखर वरच्या पायरीवर जाते. पुढच्या अनंताकडे जाताना जैन आचार्य बेरीज आणि वर्ग यांवरच थांबले नव्हते. त्यांनी वर्गित-संवर्गितही निवडले होते. सिद्धतेविना निवडले, अंदाजाने निवडले. पण इतर साऱ्या कृती तोकड्या पडतात तिथे जी पुरते तीही निवडली.

आणि त्यांच्या प्रत्येक अनंताला जघन्य आणि उत्कृष्ट यांच्यामध्ये एक मध्यम होता. कँटरला आयुष्यभर छळणारा प्रश्न मध्यमाचाच होता: मोजणीच्या संख्यांचा अनंत आणि रेषेवरच्या बिंदूंचा अनंत यांच्या मध्ये आणखी एखादा अनंत आहे का? त्याला वाटे की नाही. सिद्ध करता आले नाही. हिल्बर्टने १९०० मध्ये मांडलेल्या २३ प्रश्नांच्या यादीत हा पहिला होता. कुर्ट गोडेलने १९३८ च्या सुमारास, अमरावतीत धवलेचा पहिला खंड तयार होत असतानाच, दाखवले की संचसिद्धांताच्या प्रचलित गृहीतकांवरून ‘मध्ये काही नाही’ हे कँटरचे म्हणणे खोटे पाडता येत नाही. १९६३ मध्ये पॉल कोहेनने दाखवले की त्याच गृहीतकांवरून ते खरेही ठरवता येत नाही. नवी गृहीतके घेऊन या मध्यमाचा निकाल लावता येईल का, यावर संचसिद्धांताचे अभ्यासक आजही काम करत आहेत.